निवडुंगावर वाढलेली कालवड

मी एक कालवड बोलतेय. गोड बोलणार नाही, आधीच सांगते.

मी जन्मले त्या वर्षी पाऊस आलाच नाही. गोठ्यात पुढे, पंख्याखाली दुभत्या गाई. मागे, मोडक्या पत्र्याखाली, मी आणि ठिपकी. ठिपकी माझ्याहून थोडी लहान. दूध विकायचं म्हणून आम्हा दोघींना आईच्या दुधापासून लवकर तोडलं. विहीर आटली, मका उभ्या उभ्या वाळला. थोडाफार ओला चारा मिळे तो पुढे जाई. आमच्यासमोर जुनं काड पडायचं, बुरशीचा वास मारणारं.

मालकीण म्हणायची, "अहो, वासरांच्या बरगड्या दिसायला लागल्यात."

"दूध देणाऱ्यांना पुरत नाही, यांना कुठून घालू?" मालक म्हणायचा.

आणि हाकेच्या अंतरावर, बांधावर निवडुंग उभं होतं. बिनकाट्याचं, जाडजूड, उन्हाला दाद न देणारं. मालकिणीनं बहिणीकडून आणून मुद्दाम वासरांसाठी लावलेलं. तिनं एकदा विळा उचललाही.

"गुरांना निवडुंग घालणार? लोक हसतील," मालक म्हणाला. विळा परत खुंटीवर गेला.

लोकांनी हसू नये म्हणून ठिपकी उपाशी राहिली. एका सकाळी तिला उठता येईना. मी तिला चाटलं, ढुसण्या दिल्या. दुपारपर्यंत ती गेली.

"अशक्तच होती ती," मालक म्हणाला.

जन्मली तेव्हा अशक्त नव्हती. तुम्ही केलीत.

त्या दिवशी मालकीण कोणाला विचारत बसली नाही. निवडुंगाची पानं तोडली, बारीक चिरली. नुसती घातली तर पोट बिघडतं, असं बहिणीनं बजावलं होतं. म्हणून पुढच्या गाईंच्या वाट्यातला कडबा उचलून त्याची कुट्टी केली, थोडी पेंड मिसळली आणि पाटी माझ्यापुढे ठेवली. पहिला घास बुळबुळीत लागला, मी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मात्र पाटी चाटून पुसून साफ केली. हळूहळू पायांत बळ आलं.

आणि लोक? लोक आले, बघून गेले, आपल्या बांधावर लावायला पानं मागून घेऊन गेले. हसायला कोणाला सवड नव्हती.

आता मी गाभण आहे. मालक पाठीवरून हात फिरवतो, मला राणी म्हणतो. मी अंग चोरते.

यंदा पाऊस बरा झालाय. परवा तो कुदळ घेऊन बांधाकडे निघाला. म्हणे, चारा मुबलक आहे, आता निवडुंग कशाला?

मालकीण वाटेत उभी राहिली. "ठिपकीच्या जागी उद्या हिचं वासरू बांधाल. कुदळ ठेवा."

त्यानं ठेवली.

माणसांनो, जे अजून दूध देत नाही त्यालाही भूक लागते. लाजच वाटायची असेल तर रिकाम्या गव्हाणीची वाटू द्या. माझं वासरू येतंय. त्याला मागच्या पत्र्याखाली उपाशी बांधायला याल, तेव्हा जरा जपून या. मला आता शिंगं आहेत.