अडलेला चुडा

माघातले ऊन ज्वारीच्या दुधाळ कणसांवर मधासारखे सांडले होते. पिवळे, पातळ, प्रसन्न ऊन. त्या उन्हातून, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन बांध ओलांडता ओलांडता, सुंद्राबाई कासारणीने आपला लाभ मनाशी मांडून ठेवला होता. चुड्याचे दाम, वर खण, वर नारळ, वर सूपभर ज्वारी. आणि खरी मिळकत तर त्याच्याही पुढे. आज तान्हूबाईंच्या सुनेचे डोहाळजेवण. पहिला चुडा सुनेच्या हाती चढला, की अंगणातल्या साऱ्या सुवासिनींची मनगटे रांगेने पुढे येणार. हसऱ्या बाया हात आखडता घेत नाहीत, हे सुंद्राबाईला आईच्या दुधाबरोबर कळले होते.

अंगण हिरवे, तोरण हिरवे, लुगडे हिरवे. त्या हिरव्यात केवळा बसली होती. शेवंतीभूषित, लज्जारक्त, सप्तमासभारमंथर. कणसात दूध भरावे तशी भरलेली.

सुंद्राबाईने तिचा हात हाती घेतला. हात ओळखीचा. लग्नात तिनेच भरलेला, केळीच्या कोंभासारखा, सव्वादोनाच्या मापाचा हात. आज अडीचाची बांगडी बोटांच्या मुळाशी अडली. तेल लावून, गोड बोलून, दाबून तिने दोन चढवल्या. तिसरी चढेना. तान्हूबाई कौतुकाने फुलल्या; घरचे तूप अंगी लागले म्हणाल्या, आणि तूप ज्या म्हशीचे तिचेही गुण सांगू लागल्या.

पण कासारणीच्या अंगठ्याखाली त्या सावळ्या हातावर एक खळी पडली होती. पडली, ती भरेना. ओल्या वाळूत उमटलेल्या पाखराच्या पावलासारखी तशीच राहिली.

केवळा हळूच म्हणाली, "मावशी, सकाळपासून डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढं काजवे येतात."

भर उन्हात काजवे.

दिवाळीत उपकेंद्राच्या जयमाला सिस्टर बांगड्या भरताना बोलल्या होत्या, की लेकीसुनांचे हात माझ्याआधी तुमच्या हाती येतात. गरोदर बाईचा हात सुजला, डोके दुखले, डोळ्यांपुढे चमकले, तर रक्तदाब चढलेला असू शकतो. आई नि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. तशीच उठवून आणा. सुंद्राबाईने तेव्हा मान डोलावली होती, आणि त्या भरात सिस्टरच्या गळ्यात अर्धा डझन जास्तीच्या बांगड्या मारल्या होत्या.

आता एका पारड्यात अंगणभर मनगटे, दुसऱ्यात एक खळी. ऐन शुभवेळी मोडता घालणाऱ्या कासारणीला कोण पुन्हा उंबरा दाखवते? क्षणभर, खोटे कशाला बोला, पहिले पारडे जड झाले. मग तिने पेटी मिटली.

"चुडा राहू द्या. आधी सिस्टरला हात दाखवू."

"वैदीण कधी झालीस गं?" तान्हूबाई कडाडल्या. "ओटी भरल्या सुनेला पाटावरून उठवू?"

"ओटी भरलेली राहावी, म्हणूनच उठवा."

ओढ्यापलीकडे, कडुनिंबाच्या जाळीदार सावलीत, उपकेंद्र चुन्याने उजळले होते. सिस्टरने केवळाच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळला. जणू बिनसोन्याची, बिनघडणावळीची वाकी. वाकी फुगली, वाकी निवली, आणि सिस्टरचे हसू मावळले. लघवी तपासली, गोळी दिली, अँब्युलन्स बोलावली. बांगड्या मांसात रुतत होत्या. सुंद्राबाईने पदर लपेटून त्या स्वतःच्या हाताने वाढवल्या. कट् कट्. कासारणीने, डोहाळजेवणाच्या दिवशी! तान्हूबाईंनी डोळे मिटून घेतले. सिस्टर केवळाचा हात धरून गाडीत बसल्या, आणि गाडी धुळीत, धूळ उन्हात विरून गेली.

सुंद्राबाईची भरली पेटी भरलीच घरी परतली. बरेच दिवस त्या आळीतून तिला कुणी हाक मारली नाही.

ज्वारी काढून झाली. मळणी आटोपून शेतातली खळी उठली. आणि चैत्राच्या तांबूस पालवीबरोबर, दिवसांच्या जरा आधीच, पण दणदणीत रडत, केवळाची लेक तालुक्याच्या दवाखान्यातून घरी आली. मुठी वळलेली, नाकाचा शेंडा थेट तान्हूबाईंचा.

बारशाला पहिले बोलावणे सुंद्राबाईला. सूज आपल्याच नजरेने हेरली, असे तान्हूबाई एव्हाना चार गावांत सांगून आल्या होत्या. सुंद्राबाईने ते सुपारीसारखे गालात धरले. अंगणात तिच्या पेटीशेजारी सिस्टरची पेटी. आधी वाकी, मग बांगडी, असा नवा रिवाज पडला होता. मनगटे आली, तरणी, थकली, राबती, गोंदणनीळ मनगटे. रांगेत तान्हूबाईही. वाकी निवली, सिस्टरने भुवई उचलली, मीठ तोडायला सांगितले, आणि तान्हूबाईंचे लोणचे त्या दुपारी संपले.

मग कुणी काय मोजले? तान्हूबाईंनी लोणचे. सुंद्राबाईने एक मोसम आणि दोन बांगड्या. केवळाने काही नाही. तिने नुसते घेतले, ओंजळ भरभरून. उपकेंद्राच्या अंगणात, कडुनिंबाच्या मुळाशी, त्याच वाढवलेल्या बांगड्यांच्या, मातीत रुतलेल्या दोन हिरव्या काचा अजून लुकलुकतात. ऊन आले की हिरव्या, वारा आला की हिरव्या, आणि लेक हसली की हिरव्या.