फाटलेल्या जागेचं भाषांतर

कंटाळलेला माणूस सोपी वाट शोधतो, आणि भूमच्या कोर्टात सव्वीस वर्षं काढल्यावर मला सगळ्याचाच कंटाळा आला आहे. पक्षकारांचा, तारखांचा, आणि 'मॅडम, निकाल आपल्याच बाजूनं ना?' या प्रश्नाचा तर फारच. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मला कुणी मोठी सत्यवादी समजायला नको.

धुरपदाबाईचा दावा पाण्याचा होता. विहीर चुलत दीर उत्तरेश्वर याच्या रानात. हिच्याकडं तीन एकर आणि चार म्हशी. दूध खव्याच्या भट्टीवर जातं, त्यावर घर चालतं. गेल्या उन्हाळ्यात दिरानं हिच्या मोटारीची वायर उपसून फेकली. विहीर माझी, पाणी माझं, म्हणाला. धुरपदाबाईनं पत्र्याच्या पेटीतून एक कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. निजामाच्या काळात आजेसासऱ्यात आणि त्याच्या भावात झालेलं वाटणीपत्र, सगळं उर्दूत.

असे कागद आम्ही परंड्याच्या काझी मास्तरांकडून वाचून घेतो. ते उर्दू शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. नेमकं तेव्हा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मग मी वकिलांच्या बाररूममध्ये बसून कागदाचा फोटो काढला आणि मोबाईलमधल्या एआयला दिला. चहा निवायच्या आत स्वच्छ मराठी हजर. त्यात एक ओळ होती: 'विहिरीचे पाणी दोघा भावांनी निम्मे निम्मे वापरावे, त्यास कोणी हरकत करू नये.' यापेक्षा काय पाहिजे? खाली 'खरे भाषांतर' असं लिहून मी सही ठोकली. समोरचे वकील वीरभद्र यांनाही उर्दू येत नाही, आणि त्यांनीही ते कुणाला दाखवलं नाही. उत्तरेश्वरनं पाणी अडवू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. धुरपदाबाई त्या दिवशी माझ्या घरी किलोभर खवा देऊन गेली.

या मार्चमध्ये दावा पुराव्याला लागला. मूळ कागद शाबीत करायचा तर भाषांतर करणारा माणूस साक्षीला हवा. मोबाईल काही पिंजऱ्यात उभा राहत नाही. म्हणून मी एसटीनं परंड्याला गेले. मास्तरांनी कागद खिडकीशी नेला, भिंग लावलं, मग माझं भाषांतर वाचलं.

"मॅडम, हे कुणी केलं?"

"का?"

"माणसानं केलेलं न्हाय हे. माणूस इथं थांबला असता." त्यांनी घडीवर बोट ठेवलं. "विहीर उत्तरेच्या बाजूला, इथवर बराबर हाय. पुढं भोक हाय. भोक मी कसं वाचू? त्याच्या पुढची ओळ थेट आंब्याच्या झाडाची."

घडी पडून तिथं कागद करंगळीएवढा गेला होता. मी तो कितीदा हाताळला असेल, आणि एकदाही मनात आलं नाही की इथं अक्षरंच नाहीत तर वाक्य आलं कुठून.

परतीच्या एसटीत मी तोच फोटो पुन्हा एआयला दिला. या खेपेला पाणी 'एक दिवसाआड' निघालं. तितकंच ठाम, तितकंच शुद्ध. मग मी विचारलं, न वाचता येणारी काही जागा आहे का? तर म्हणे, होय, मधला भाग फाटलेला आहे, तिथला मजकूर मी अंदाजानं भरला. बोंबला! हे मी गेल्या वर्षी विचारायला हवं होतं. यंत्रावर राग काढावा म्हटलं तर तोही नीट निघेना, कारण सही माझी होती.

खोटं कशाला बोलू, गप्प बसायचा विचार आला. साक्षीला तारखा घेत राहायचं, हुकूम चालू राहिला असता, म्हशींचा उन्हाळा निघाला असता. तीन दिवस मी तो विचार चघळला. चौथ्या दिवशी धुरपदाबाईला फोन केला. "मावशी, कागदात पाण्याची ओळ नाही. ती माझी चूक. कोर्टाला सांगावं लागेल."

"मग पानी?"

"बघू," मी म्हणाले.

पुढच्या तारखेला मी पुरशीस दिली, म्हणजे आपणहून लेखी कबूल केलं, की दाखल भाषांतर एआयचं आहे, ते मी मुळाशी ताडून पाहिलं नाही, आणि त्यातली पाण्याची ओळ मूळ कागदात नाही. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं.

"मॅडम, यावर सही तुमचीच ना?"

"होय, साहेब."

"मग एआय म्हणून कुणाला नोटीस काढायची?"

मागं कुणीतरी हसलं. वीरभद्र वकिलांनी तिथल्या तिथं अर्ज लिहिला, दुपारून मनाई हुकूम उठला. उत्तरेश्वर माझ्याकडं न बघता गेला, तेवढं एक बरं झालं.

बाहेर लिंबाखाली धुरपदाबाई बसली होती. ती चिडेल, दुसरा वकील बघते म्हणेल, असं वाटलं होतं. निदान मी सुटले तरी असते.

"आता कागद सोडा," मी म्हणाले. "पाणी खरं कसं वाटलं जायचं?"

"सोमवार ते बुधवार आमच्याकडं. बुधवारी दिस मावळला की दार तिकडं फिरवायचं. लगीन होऊन आले तवापासनं म्याच दारं धरतिया की."

ती घडाघडा सांगत गेली, मी लिहीत गेले. एवढा सरळ, एवढा भक्कम जबाब! वर्षभरात मी तो एकदाही घेतला नव्हता. मला जरा हुशारी आली.

"घराबाहेरच्या कुणी बघितलंय हे? ज्याचा यात काही संबंध नाही, असं?"

"धुळाप्पा. तीस वर्सं त्येची मेंढरं त्याच थारोळ्यावर पानी प्यायची. पाळी चुकली तर त्योच भांडन मिटवायचा."

"मग त्यांना बोलवू. कुठं असतात?"

"आता कुठनं बोलिवता, बाई? संक्रांतीला गेला त्यो." धुरपदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दावा घातला तवा यायला तयार हुता. फेटा बांधून बसला हुता. तुमीच म्हणलात, कागद हाय, मानसाचं काय काम न्हाय."

मी खरंच तसं म्हणाले होते.