वडाखालची जागा

कसालच्या आठवडा बाजारात मथुरा वडाखाली भाजी घेऊन बसायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची तीच जागा. शेजारी तिची जाऊ आनंदी, पलीकडे वाडीतल्या आणखी काही बायका. समोर वेताच्या हाऱ्यात घरामागच्या मांडवावरची पडवळं, दोडकी आणि तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या.

सिंधुदुर्ग जिल्हा नवा झाला त्या सुमारास घाटावरून भाजीचे ट्रक येऊ लागले. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो. तो माल विकणाऱ्या परशुरामशेटने वडाखाली फळ्या मांडल्या, वर ताडपत्री बांधली आणि बायकांना मागे गटाराकडे जायला सांगितलं.

"गिऱ्हायकाक आता घाटावरची भाजी व्हयी," तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. बायका मागे गेल्या. तिथे फारसं कुणी फिरकत नसे. दोघींनी तर बाजारच सोडला.

एका वर्षी श्रावण सरता सरता घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थीच्या आधीचा मोठा बाजार, आणि शेटकडे माल नाही. संध्याकाळी तो मथुराच्या घरापुढच्या खळ्यात आला.

"तुमचो सगळ्यांचो माल माका घाला. दर चढो दितंय. पावसात भिजत बसाची गरज नाय."

आनंदी आशेने मथुराकडे बघू लागली.

"माल विकूचो आसा," मथुरा म्हणाली, "पण तुमका नाय. बाजारात, वडाखाली."

"थंय माझ्यो फळ्यो आसत."

"उद्या त्यांच्यार काय ठेवतलास?"

शेट छत्री उघडून निघून गेला.

"माल तेका देवक व्हयो होतो गो," आनंदी म्हणाली. "घाट सुरू झालो की तो आपणाक उभी करूचो नाय."

"आता तरी खंय उभी करता?"

सकाळी शेट पोचला तेव्हा त्याच्या फळ्या बुंध्याला टेकून उभ्या होत्या आणि बायका हारे मांडून बसल्या होत्या. बाजार सोडलेल्या दोघीही आल्या होत्या. शेटने हमालाला हारे मागे न्यायला सांगितलं. हमालाने मथुराच्या हाऱ्याला हात घातला, तेवढ्यात आनंदीने त्याची दुसरी कड धरली.

"सोड," ती म्हणाली. "बाजाराची पावती आमीय फाडतंव."

"हयसर ट्रक लागता," शेट म्हणाला.

"आज ट्रक नाय," मथुरा म्हणाली.

भोवती माणसं जमली होती. एरवी कोबीच नेणारी शाळेतल्या मास्तरांची बायको सुनीती पुढे आली, खाली वाकली आणि पडवळं निवडू लागली. हमालाने हात काढून घेतला. दुपारच्या आत हारे रिकामे झाले.

चतुर्थीनंतर घाट मोकळा झाला. पुढच्या बाजाराला ट्रक आला आणि वडापाशी भोंगा वाजवत राहिला. आनंदी जागची हलली नाही. कुणीच उठलं नाही. शेवटी शेटनेच हात करून ट्रक रस्त्याच्या पलीकडे लावायला सांगितलं. कोबी तिथेही खपला. बायकांची गिऱ्हाइकं पुन्हा कमी झाली.

नवरात्रापर्यंत वेल वाळले.

"आज ऱ्हवांदे," आनंदी म्हणाली. "हाऱ्यात घालूक काय आसा?"

मथुराने घरामागच्या परड्यातलं अळू कापलं, त्याच्या जुड्या बांधल्या आणि बाजारात जाऊन वडाखाली मधोमध बसली. शेट समोरून जाताना क्षणभर थांबला. तिने अंगाखालचं गोणपाट आणखी थोडं पसरलं.