इतिवृत्तातलं विरोधी मत

सुनेत्रा निकम लष्करात डॉक्टर होत्या. निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे लष्करातलेच पती प्रकाशराव साताऱ्याला न परतता जयपुरातच राहिले, ते बरंचसं शेजारच्या गोविंदशरणजींमुळे. प्रकाशराव सीमेवर असताना बाळंतपणात सुनेत्राताईंच्या जिवावर बेतलं होतं. तेव्हा हा शेजारी भावांना घेऊन रक्त द्यायला धावला होता.

पुढे जयपूरच्या झोटवाडा भागातला गोविंदशरणजींचा गॅस गीझरचा कारखाना वाढला, कंपनी झाली. त्यांनी ताईंना स्वतंत्र संचालक म्हणून बोलावलं. ताईंनी आनंदाने होकार दिला.

संचालक मंडळाच्या एका बैठकीत नवं मॉडेल थंडीआधी बाजारात आणण्याचा विषय होता. हवा कोंडली की गॅस बंद करणारी झडप चाचणीत अधूनमधून अडकते, दुरुस्तीला वेळ लागेल, असं इंजिनिअर मितालीने स्पष्ट सांगितलं. म्हणजे हंगाम हातचा जाणार. विक्रीप्रमुखांनी सुचवलं, खिडकी उघडी ठेवायची सूचना गीझरवर चिकटवू. बाकीच्यांच्या माना डोलल्या. गोविंदशरणजींनी ताईंचा होकार गृहीतच धरला होता.

 गॅस गीझरमुळे बंद न्हाणीघरात गुदमरलेली एक तरुण मुलगी ताईंनी नोकरीत पाहिली होती. ती त्यांच्या हातून वाचली नव्हती. आणि समोर होता तो त्यांचा जीव वाचवणारा माणूस.

"माझी संमती नाही," त्या म्हणाल्या. "विरोध इतिवृत्तात नोंदवा."

"भाभीजी, घरचं माणूस म्हणून बोलावलं होतं मी तुम्हाला."

"म्हणूनच तोंडावर सांगतेय, भाईसाहेब."

थोड्या वेळाने दुसरे स्वतंत्र संचालक उमाकांत यांनीही विरोध नोंदवला. गोविंदशरणजींनी मग विषय पुढे ढकलला. हंगाम गेला तो गेलाच. दिवाळीला त्यांच्याकडून मिठाई आली नाही, फोनही नाही. ताईंना ते फार लागलं. प्रकाशराव एवढंच म्हणाले की, असा शेजारी गमावणं वाईटच, पण गप्प बसली असतीस तर तुला झोप लागली नसती.

संचालकपदाची मुदत संपत आली तेव्हा ताईंनी निरोपाची तयारी ठेवली होती. पण फेरनियुक्तीसाठी त्यांचं नाव खुद्द गोविंदशरणजींनीच सुचवलं.

बैठकीनंतर ते जिन्यात थांबले. "झडप बदलली. नवा गीझर पहिला माझ्याच घरी लावला. सून नातवाला आंघोळ घालत होती आणि मी बाहेर उभा होतो. तुम्ही आठवलात." त्यांनी हात जोडले. "रागावलो होतो, भाभीजी. उपकार झाले तुमचे."

आभार खरं तर ताईंनाच मानायचे होते, तेव्हा दिलेल्या त्या रक्तासाठी. त्यांनी गोविंदशरणजींचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले.