गोलसमोरचा राब

पाचोळ्याची तिसरी पाटी जीनाने नेमकी गोलच्या तोंडाशी उपडी केली आणि पायाने सारखी पसरली. खाली शेणी होत्या, त्यावर पेंढा, वर ही आंब्याची वाळकी पानं. कुंपणाच्या फटीतून पोरं एकेक करून शेतात शिरत होती. पाठीवर सॅक, हातात बूट, डोळ्यांत अजून झोप.

"आंटी, काय करताय?" जॅक्सनने विचारलं. आठवीतला, शाळेच्या फुटबॉल टीमचा कप्तान.

"राब भाजणार. भाताचं रोप टाकायचंय."

जॅक्सन भुईगावचाच. पेरणीआधी जमीन भाजून घेतात हे त्याला सांगावं लागलं नाही. आणि या शेतात चार वर्षांत भाताची काडी उगवली नव्हती, हेही. तो एकदा दोन बांबूंच्या त्या गोलकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"इथंच?"

"इथली माती चांगली आहे," जीना म्हणाली आणि चौथी पाटी आणायला वळली.

घराच्या मागच्या दारात तिचा मुलगा जोनाथन उभा होता. डिसेंबरपासून तो असाच कुठल्या ना कुठल्या दारात उभा असायचा. सेमीफायनलला पहिल्या हाफमध्ये त्याने चार गोल खाल्ले होते. चौथ्या गोलनंतर जीना पाण्याची बाटली घेऊन रेषेपर्यंत धावली होती, तशी ती प्रत्येक मॅचला धावायची. तेव्हा कोच कौस्तुभ सरांनी त्याला बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी मम्मीला घरी सोडून ये, मग गोलमध्ये उभा राहा." पोरं हसली. रेषेवरचे पालकही हसले. बाटली हातात तशीच धरून जीनाही थोडी हसली होती, आणि त्या हसण्याबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

मे महिन्याच्या सरावाच्या यादीत बावीस नावं लागली. जोनाथनचं नव्हतं. एवढ्यावरच थांबलं असतं तर तिने एक वेळ गिळून टाकलं असतं. पण पाइपासाठी शाळेचं मैदान खणून ठेवलेलं, म्हणून सर जागा शोधत शोधत हिच्याच दारात आले. जीना शिकवणी घ्यायला गेली होती. सासूबाईंनी त्यांना सरबत दिलं आणि शेतही दिलं. आता रोज सकाळी बावीस पोरं जोनाथनच्या आजोबांच्या शेतात धावायची, आणि जोनाथन खिडकीतून शिट्ट्या मोजायचा.

दोन आठवडे जीना गप्प राहिली. गोड बोलून पोरांना प्यायला पाणीसुद्धा दिलं. रात्री मात्र ती छताकडे बघत एकेक गोष्ट ठरवत होती.

सरांची बाइक आली. विरारहून, मनवेलपाड्यातून यायचे ते. हेल्मेट काढता काढताच त्यांना ढीग दिसला.

"मॅडम, हा कचरा इथं कोणी टाकला?"

"कचरा नाही सर, राब. आज पेटवायचाय."

"पण आपली प्रॅक्टिस? आज डायव्हिंग ड्रिल आहे गोलमध्ये."

"शेत आहे हो हे. शेतात शेतीच करणार ना माणसं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी मान वळवली तसं ते हसू विझलं. जीनाने काड्यांची पेटी उघडली. तिने काडी ओढली. विझली. दुसरीही विझली.

"मम्मी, तिकडून नको." जोनाथन पायऱ्या उतरून आला होता, हातात आजोबांचं दाताळं. "वाऱ्याच्या बाजूनं लावलंस तर एकदम भडकेल. पलीकडून लाव. हळूहळू उलटा जळत येतो."

त्याने तिच्या हातातून पेटी घेतली, पलीकडच्या टोकाला बसला आणि एका काडीत राब पेटवला. धूर जमिनीलगत सरपटत बांबूंमधून पार गेला. पोरं जवळ आली.

"जोनू, मी पण लावू का?" एरॉल म्हणाला.

"मागं हो. बुटांना लागेल."

महिनोन्‌महिने तिने त्याचा हा आवाज ऐकला नव्हता. गोलमध्ये उभा राहून बचावातल्या पोरांना हुकूम सोडायचा तो.

सर फोन लावत होते. एक झाला, दुसरा झाला. भुईगावात आता मोकळी जागा उरली होती कुठे? शेवटी फोन खिशात टाकून ते तिच्याजवळ आले. धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं, आवाज खाली आला होता.

"मॅडम, अर्धं शेत तरी राहू द्या. जुलैत टूर्नामेंट आहे, मुलांची मेहनत वाया जाईल. आणि जोनाथनला पण पाठवा उद्यापासून. त्याचं नाव टाकतो मी यादीत."

हेच. याच वाक्यासाठी तिने पाच महिने दात आवळून धरले होते. तिला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं, जरा मोठ्याने, बावीस पोरांना ऐकू जाईल असं.

"काय म्हणालात, सर?"

"जोनाथनला पाठवा म्हटलं."

तिने मुलाकडे पाहिलं, वाढदिवसाच्या भेटीचा खोका पुढे करावा तसं. जोनाथन दाताळ्याने निखारे आत ओढत होता.

"सर, इथं भात होणारेय," तो मान वर न करता म्हणाला. "अर्ध्यात नाही, पूर्ण शेतात."

शिट्टी न वाजवताच सरांनी पोरांना हात केला. पोरं समुद्राच्या बाजूने गेली. आता वाळूवर सराव. फटीतून शेवटचा एरॉल गेला, बॉल काखेत घेऊन. जोनाथनने तेवढ्यापुरतं वर पाहिलं.

जीना त्याच्याजवळ गेली. "अरे, सरांनी स्वतः बोलावलं ना तुला!"

"सरांनी नाही बोलावलं, मम्मी."

"मी ऐकलं ना."

"तू राब रचलास म्हणून बोलावलं. उद्या गेलो असतो, तर पोरं काय म्हणाली असती?" त्याच्या आवाजात राग नव्हता. धुरामुळे त्याने चेहरा बाहीने पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिला. "तू जा आत. मी बघतो राब."

"एकटा? आग आहे रे."

"मी बघतो."

ती गेली. स्वयंपाकघरात सासूबाई मेरी भाजी निवडत होत्या. शेताकडची खिडकी उघडी होती. जीना खिडकीकडे पाठ करून बसली आणि भाजीची एक जुडी स्वतःपुढे ओढली.

"काय चाललंय गं पोराचं बाहेर?" सासूबाईंनी विचारलं.

"मला नाही माहीत, आई," जीना म्हणाली आणि देठं मोडू लागली.