मातोश्रींचा आवाज

माझ्या सासूबाई राहीबाई यांना देवाने पुष्कळ गोष्टी दिल्या होत्या. उंची दिली, सत्तरीपर्यंत बत्तीस दात दिले, दोन मुलगे दिले आणि माझ्यासारखी सून दिली. आवाज मात्र दिला नव्हता. म्हणजे बोलायला दिला होता, तो वेशीपर्यंत ऐकू जाई. गायला दिला नव्हता. त्यांनी पाळणा म्हणायला घेतला की झोपलेलं पोर उठून बसे. हे मी एकटी सांगत नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत ज्यांना कान होते ते सगळे सांगतील. आता त्यांतल्या दोघीच उरलोय, मी आणि शेजारची रशीदा.

म्हणून गेल्या वर्षी इस्लामपुरात चौकाचौकात ‘गानमाउली मातोश्री राहीबाई जन्मशताब्दी सोहळा’ असे फलक लागले, तेव्हा मी रिक्षा थांबवून ते दोनदा वाचले. सासूबाईंच्या डोक्यामागे सूर्य उगवला होता आणि हातात वीणा होती. तारेची म्हणून जी वस्तू मी त्यांच्या हातात आयुष्यात पाहिली, ती उंदराचा पिंजरा.

फलक लावणारा शंभूराज, माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. मातोश्रींच्या नावाने त्याची शाळा आहे, मंगल कार्यालय आहे. यंदा निवडणुकीला उभं राहायचं होतं. स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही नसलं की माणूस आजीपर्यंत मागे जातो. आजीही कमी पडली, तर वीणा असतेच.

पण हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून, ते मला ठाऊक होतं. त्याला कारण मीच.

पंच्याऐंशी साल. थोरले दीर आप्पासो फौजेत, जोधपूरला. त्यांचं पत्र आलं, की इथं वाळूशिवाय काही दिसत नाही, आईच्या आवाजात चार गाणी टेप करून पाठवा. रशीदाचा नवरा निजाम तेव्हा कुवेतहून नवा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. तो तिच्या सोप्यात दुपट्याखाली झाकलेला असे, तान्ह्या बाळासारखा. आम्ही सगळे तिथं जमलो. सासूबाई नवं लुगडं नेसून मशीनसमोर बसल्या, जणू फोटोच काढायचा आहे. एक कडवं म्हणून झालं. माझ्या मालकांनी, धनाजीरावांनी, ते परत लावून ऐकवलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि निजामला शांतपणे म्हणाल्या, “मशीन बिघडलंय तुझं.”

दुसऱ्यांदा केलं, तरी मशीन बिघडलेलंच होतं. मग दोन्ही कडवी पुसायला लावून त्यांनी मला पुढं ओढलं. माझा आवाज त्या मशीनला मानवतो असं त्यांचं मत पडलं. वाईला कृष्णेच्या घाटावर आईबरोबर धुणं धुताना शिकलेली सात गाणी मी म्हटली. सासूबाई शेजारी बसून टाळ वाजवत होत्या, आणि जिथं जिथं गाणं थांबे तिथं मला तोंडाने झोडपत होत्या. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. सूनबाई, नाहीतर नुसतं ए.

मालकांनी ती कॅसेट बाजारातल्या दुकानात नेऊन बोलणं गाळून, नुसती गाणी दुसऱ्या कॅसेटमध्ये भरून घेतली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘आईची गाणी’. मी विचारलं, की हे काय. ते म्हणाले, आईची इच्छा आहे, दादाला तेवढंच समाधान. आप्पासोंचं पत्र आलं, आई, तुझा आवाज ऐकून डोळे भरून आले. सासूबाईंनी ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. एकदा नाही, आल्यागेल्या प्रत्येकासमोर. मी वाचत होते आणि त्या मान डोलवत होत्या. महिनाभरात त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

मी चाळीस वर्षं गप्प राहिले. त्या गेल्या, पाठोपाठ मालक गेले, माझा गळा गेला. आता मी गायला लागले तर कुत्री भुंकतील. पण एवढी एकच हाव मनात राहिली, की मरण्याआधी त्या घरातल्या कुणीतरी एकदा म्हणावं, सुलाबाई, हा आवाज तुझा.

फलक लागल्यावर आठ दिवसांनी शंभूराज माझ्याकडे आला. आप्पासोंच्या ट्रंकेतली कॅसेट काढली तर फितीला बुरशी आलेली. तुमच्याकडं दुसरी आहे का. मी तांदळाच्या डब्यातून मूळची कॅसेट काढून दिली. त्याने ती पाहिलीसुद्धा नाही. पिशवीतून एक यंत्र काढलं, जाड पाकिटाएवढं. त्यात कॅसेट बसते आणि कडेला पेन ड्राइव्ह लागतो. एक बटण दाबलं की तांबडा दिवा लुकलुकतो आणि फितीवरचं सगळं पेन ड्राइव्हमध्ये उतरतं. हे त्याने कौतुकाने दाखवलं. मग अडचण सांगितली. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. कितीही नवं यंत्र आणा, फीत आपल्या चालीनेच चालते, आणि तेवढा वेळ जवळ कुणीतरी बसावं लागतं. एवढ्या मोठ्या घराण्यात आजीचा आवाज तासभर ऐकायला मोकळा माणूस नव्हता.

“काकी, तुमाला काय काम असतंय,” तो म्हणाला. “बसा जरा.”

मी त्याला सांगितलं, की बाबा, यात मध्ये मध्ये घरातलं बोलणं आहे. तो म्हणाला, बोलणं आलं की हे बटण दाबून थांबवा, गाणं आलं की परत दाबा. आपल्याला बोलणं नकोय.

मी बसले. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून यंत्राचं तोंड पुसलं, ढिली फीत पेन्सिलीने ताणून घेतली आणि बटण दाबलं. चौतीस वर्षांची सुला गायला लागली. मला वाटलं होतं रडू येईल. तसलं काही झालं नाही. मी आपली अंगठा बटणावर ठेवून, सासूबाई कधी तोंड उघडतात याची वाट बघत होते. उघडलं की दाबत होते. जन्मभर मला त्यांना गप्प करता आलं नाही, ते एका अंगठ्याने होत होतं. सुख वाटलं, हे कबूल करते.

चौथ्या गाण्याला रशीदा आली. गुडघे धरून बसली, थोडं ऐकलं, माझा अंगठा बघितला आणि काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं.

“येडी हायस का गं सुले,” ती म्हणाली. “तिला कापलीस तर मागं नुसती गाणारी उरती. मग ती राहीबाईच.”

मी अंगठा उचलला. कसं ध्यानात आलं नाही कोण जाणे. सासूबाईंना स्वतःच्या हाताने पुसून मी त्यांच्या हातात वीणा देत होते. उतरवलेलं सगळं पुसलं, कॅसेट मागं नेली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. या खेपेला दोघी हात मांडीवर ठेवून बसलो आणि सासूबाईंना पोटभर बोलू दिलं. झाल्यावर रशीदाने तिच्या नातीकडून एक प्रत आपल्या फोनमध्ये घालून घेतली.

शंभूराजने पेन ड्राइव्ह नेला, गाडीत लावून अर्धं मिनिट ऐकलं आणि झकास म्हणून कळवलं. मी काही खोटं बोलले नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं.

सोहळा मातोश्री मंगल कार्यालयात झाला. पुढं पाहुण्यांचे सोफे, मग पदाधिकारी, मग आम्ही. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी रशीदा. आप्पासो ब्याऐंशी वर्षांचे, पहिल्या सोफ्यावर फेटा बांधून बसवलेले. सूत्रसंचालनाला शंभूराजच्या शाळेतले एक सर होते. त्यांचा आवाज तुपात तळून काढल्यासारखा. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून हात जोडायला सांगितले आणि गानमाउलींचा दिव्य स्वर सुरू झाला.

चारशे माणसं माझ्या आवाजापुढं हात जोडून बसली होती. पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत होती. तिच्या खांद्याला हात लावून सांगावंसं वाटलं, की बाई, मी इथं मागं बसलेय. पहिलं गाणं संपलं. मग कर्ण्यातून सासूबाई आल्या.

“ए सूनबाई, तोंडात मीठ धरलंस काय? गिळ आन् म्हण पुढं.”

सगळ्यांचे डोळे उघडले. शंभूराजने आधी आवाजवाल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी सरळ बसले. आता कळेल, आता कुणीतरी विचारेल, ही सूनबाई कोण. रशीदाने माझं मनगट धरलं.

सर माइकजवळ गेले.

“ऐकलंत मंडळी,” ते म्हणाले. “हा मातोश्रींचा सासुरवास. अशी जहरी बोलणी खात ही माउली गात राहिली.”

टाळ्यांचा पाऊस पडला. शंभूराजच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं आणि त्याने आवाजवाल्याला खूण केली, चालू दे.

मग जे झालं ते सासूबाईंनी बघायला हवं होतं. दूध उतू चाललंय, कान फुटले काय, असं त्या ओरडल्या की बायका हळहळत. घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागतेस, टेप काय तुझ्या बापानं आणलीय, असं त्या म्हणाल्या तेव्हा मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, काय कैदाशीण सासू होती बाई. स्वतःच्या जन्मशताब्दीला, स्वतःच्या नावाच्या मांडवात, स्वतःच्या तोंडाने बोलून त्या चारशे माणसांचे शाप खात होत्या. आणि पुढच्या गाण्याला तीच माणसं त्यांना हात जोडत होती.

सासूबाईंच्या सासूचं नाव बयाबाई. त्या गेल्या एकसष्टला, पानशेत फुटलं त्या साली. तेव्हा आमच्या घरात वीजसुद्धा नव्हती, टेप कुठली. शिवाय बयाबाई म्हणजे इतकी गरीब बाई, की मांजराला हाकलतानाही जा गं बाई म्हणत, असं आमचे सासरे सांगायचे. पण साल कोण मोजतो. एका टाळीसरशी त्या कैदाशीण झाल्या.

मी रशीदाला म्हटलं, चल, जाऊ घरी. माझ्या आवाजाबरोबर आता सासुरवाससुद्धा माझा उरला नव्हता. आम्ही उठतोय तोवर पुढं कसलीतरी गडबड झाली. आप्पासो उभे राहिले होते. हसत होते, दात नसलेलं तोंड उघडून, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“आई,” ते कर्ण्याकडं बोट करून म्हणाले. “ही आमची आई. ही बोलतीया ती.”

सरांनी माइकवरून सांगितलं, की सुभेदारसाहेब भावनावश झाले आहेत. दोघांनी त्यांना धरून बसवायला बघितलं. फौजी माणूस, त्यांनी दोघांना बाजूला सारलं, काठी टेकत सोफे ओलांडले आणि तिसऱ्या रांगेत माझ्यासमोर येऊन थांबले. वर सहावं गाणं चालू होतं. त्यांनी ते थोडं ऐकलं, मान वाकडी करून.

“मग ही गातीया ती कोण, सुलाबाई?”

“मी, दादा.”

ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. रशीदाने उठून जागा दिली होती. मला वाटलं, चाळीस वर्षं फसवलं म्हणून रागावतील.

“टेप चालत हुता तवर मी ती कॅसेट ऐकत आलो,” ते म्हणाले. “पत्रात लिवलं डोळं भरलं म्हणून. खोटं लिवलं. कवा डोळ्याला पाणी न्हाई आलं. गाणं लय ग्वाड, पण पाणी न्हाई. मला वाटायचं, फौजेत राहून माजं काळीज दगड झालं. आईच्या आवाजानं बी हालंना.”

वर सासूबाई मला टाळ चुकल्याबद्दल झापत होत्या. टाळ त्यांचाच चुकला होता. आप्पासोंनी डोळे मिटले आणि लहान पोरासारखं तोंड करून ते ऐकत राहिले. गाणं सुरू झालं तसे डोळे उघडले.

“तुमचा आवाज हाय, व्हय,” ते म्हणाले. “आईला कुठला सूर. ती आमाला निजवायला लागली की आमी भ्यायचो.”

जे ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले होते ते असं, खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात, जेवणाची घोषणा चालू असताना मिळालं. चारशे माणसं तोवर मसालेभाताकडं निघाली होती. हे ऐकणारी एकटी रशीदा.

दुसऱ्या दिवशी आप्पासोंचा निरोप आला, आईचं बोलणं तेवढं भरून द्या, गाणी नकोत. यंत्र अजून माझ्याकडंच होतं. मी तिसऱ्यांदा बसले. या खेपेला गाणं आलं की बटण दाबायचं, बोलणं आलं की परत दाबायचं. माझ्याच गळ्यावर अंगठा ठेवून तासभर बसले आणि नुसत्या सासूबाई गोळा केल्या. नऊ मिनिटं भरली. आप्पासो ती रोज सकाळी चहाबरोबर लावतात असं त्यांची सून सांगते. घरात सगळ्यांना वैताग आलाय. शंभूराजला वाटतं, वडिलांना वयामुळं आता आई कोण, आजी कोण हे कळत नाही.

शंभूराज निवडून आला. परवा पेढे घेऊन आला होता. सोहळ्याचा व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला म्हणाला, आणि आता मातोश्रींच्या सासुरवासावर नाटक बसवायचं आहे. त्यासाठी आजीच्या त्या छळवादी सासूचं नाव हवं होतं. मी त्याला सांगितलं, ती सासू तुझ्याच फलकावर आहे, वीणा घेऊन. त्याला वाटलं काकीचं वय झालं. पेढ्याचा पुडा ठेवून गेला.

पुडा मी रशीदाकडं दिला. ती भाकरी करत होती, आणि तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकून गात होता. पडद्यावर नाव होतं, ‘सुला, वाई’.