सासूबाईंचा दाखला

सुनेच्या अर्जावर अनुभवाच्या रकान्यात कारकुनाने एकच शब्द लिहिला होता: निरंक.

जागा रुग्णालयात मदतनिसाची होती आणि अट तीन वर्षांच्या अनुभवाची. "सात वर्षं काय करत होतात?" असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सासूबाईंचं करत होते."

"म्हणजे काही नाही," असं म्हणून त्याने लिहून टाकलं. त्याचंही चुकलं नव्हतं. रकानाच तसा होता.

मग नवा आदेश निघाला. घरच्या आजाऱ्याची केलेली शुश्रूषा अनुभव म्हणून धरावी. मात्र काम समाधानकारक होतं की नव्हतं, हे आजाऱ्याने स्वतः हजर राहून सांगावं. पहिली ओळ वाचून सून हरखली आणि दुसरी वाचून मटकन खाली बसली. नोकरीची वयोमर्यादा संपायला चार दिवस उरले होते, नवऱ्याच्या माघारी घरात कमावणारं कोणी नव्हतं, आणि लग्नापासून आजवर सासूबाईंनी तिच्या एकाही कामाला बरं म्हटलं नव्हतं.

तिने सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून कचेरीत आणलं.

"आजी, सुनेचं काम समाधानकारक होतं का?"

"समाधान? मला?" सासूबाई म्हणाल्या. "दर दोन तासांनी ही मला कुशीवर वळवायची. जरा डोळा लागला की आलीच. मी शिव्या घालायचे, तरी वळवायचीच."

"म्हणजे चांगलंच करायच्या की."

"चांगलं कसलं? पथ्याच्या नावाखाली सात वर्षं अळणी गिळलंय मी. गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय, जशी काही मी शाळेत जाते!"

"पडून पडून पाठीला जखमा झाल्या का?"

"एकही नाही. त्यात हिचं काय कौतुक? माझी कातडीच चांगली आहे."

सून मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. सासूबाईंच्या बाबतीत देव सहसा मध्ये पडत नसे.

"आजी, होय की नाही, एवढंच सांगा."

"समाधानकारक लिहू नका. या वयात खोटं बोलून वर काय तोंड दाखवू?"

सुनेने पिशवीचे बंद घट्ट धरले.

"मग असमाधानकारक लिहू?"

"जीभ झडेल तुमची! तसं मी कुठे म्हटलं? हिच्याशिवाय कोणाच्या हातचं पाणी पिणार नाही मी. हे लिहा."

त्याला रकाना नव्हता. कारकुनाने आदेश उलटसुलट चाळला आणि कलम चौथं मोठ्याने वाचलं: "आजाऱ्याने स्पष्टपणे असमाधानकारक न म्हटल्यास काम समाधानकारक धरावे." मग तो म्हणाला, "ज्याने हे लिहिलंय, त्याच्या घरी अशीच सासू असणार."

त्याने 'निरंक' खोडून 'सात वर्षे' लिहिलं आणि शिक्का मारला. "सोमवारपासून या. दिवसपाळी."

"आणि माझं कोण करणार?" सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"कलम पाच, आजी. कर्मचाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी तळमजल्यावर खोली आहे. तिथे दुसरी मदतनीस असते."

"दुसरी?" सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. "बघते तिच्याकडे. हिच्याकडून शिकून घे म्हणावं."

सून खुर्ची ढकलत निघाली. दारात उंबरठा होता. तिने खुर्ची मागे कलती केली, पुढची चाकं अलगद पलीकडे ठेवली, मग मागची.

"धक्का बसला," सासूबाई म्हणाल्या.

बसला नव्हता.